अंगठ्याच्या नखाएवढं चित्र, आणि त्यावर टांगलेलं गेमचं नशीब

स्टीम या कॉम्प्युटर गेम्सच्या सगळ्यात मोठ्या ऑनलाइन दुकानात २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून जास्त नवे गेम आले. म्हणजे रोजचे पन्नासच्या आसपास. तुम्ही एक लेक्चर बसून बाहेर येईपर्यंत दोन नवे गेम लागलेले असतात. फोनवरच्या स्टोअर्समधली गर्दी तर विचारूच नका.

यातले बरेच गेम इंडी असतात, म्हणजे मोठी कंपनी पाठीशी नसलेले. कोणीतरी एकट्याने किंवा तीन-चार मित्रांनी मिळून दोन-तीन वर्षं घासून केलेले. स्टीमवर गेम लावायची फी आहे १०० डॉलर, आणि तीसुद्धा गेमने हजार डॉलरचा धंदा केला की परत मिळते. त्यामुळे आत शिरणं सोपं आहे, दिसणं अवघड. जाहिरातीला पैसे नसतात, बसस्टॉपवर पोस्टर लागत नाही, कोणी सेलिब्रिटी रील करत नाही. अनोळखी माणसासमोर त्यांचा गेम पहिल्यांदा येतो तो एका छोट्या चित्राच्या रूपात. चित्र आवडलं तर माणूस थांबतो, नाहीतर अंगठा पुढे सरकतो. आत गेम कितीही भारी असला तरी त्या क्षणी कोणाला कळणार?

हे चित्र म्हणजे गेमचं कव्हर. स्टीमच्या भाषेत 'कॅप्सूल', प्ले स्टोअरवर आयकॉन आणि फीचर ग्राफिक. दिसायला साधी गोष्ट. पण गेल्या चार-पाच वर्षांत या चित्रावरून स्टोअर्सनी नियम बदललेत, एआयवरून वाद पेटलाय, आणि कव्हर नक्की कशासाठी असतं हा प्रश्नच नव्याने उभा राहिलाय.

आधी आकार समजून घ्या

स्टीम एकच कव्हर मागत नाही. एकाच गेमसाठी आडवं, उभं, बारीक पट्टीसारखं, लायब्ररीत दिसणारं अशी वेगवेगळी चित्रं द्यावी लागतात. सर्च केल्यावर नावांची जी यादी येते, तिथे दिसणारं चित्र आहे १२० बाय ४५ पिक्सेल. हा आकडा डोक्यात बसत नसेल तर तुमच्या अंगठ्याचं नख बघा. साधारण तेवढ्या जागेत गेमचं नाव वाचता आलं पाहिजे आणि हा कुठल्या प्रकारचा गेम आहे याचा वास आला पाहिजे.

२०२४ मध्ये स्टीमने डेव्हलपर्सना आधीपेक्षा दुप्पट मोठी चित्रं द्यायला सांगितलं. हेडर कॅप्सूल आधी ४६० बाय २१५ होती, ती ९२० बाय ४३० झाली. कारण आताचे स्क्रीन जास्त बारीक पिक्सेलचे असतात आणि जुनी चित्रं त्यावर धुरकट दिसायची. पण इथे एक घोळ होतो. चित्र करणारा माणूस मोठ्या मॉनिटरवर ९२० पिक्सेलचं चित्र रंगवतो, त्यात तलवारीवरची नक्षी काढतो, मागच्या डोंगरावर छोटंसं देऊळ काढतो, आणि खूश होतो. बघणाऱ्याला मात्र ते आधी दिसायचं तेवढंच दिसतं. चित्र स्पष्ट झालं, मोठं झालं नाही. नक्षीचं काय झालं? एक करडा डाग.

फोनवर हाच खेळ आणखी निर्दयी आहे. प्ले स्टोअरसाठी आयकॉन ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा द्यायचा, पण तो शेवटी तुमच्या होम स्क्रीनवर व्हॉट्सॲप आणि जीपेच्या मध्ये चेपून बसणार आहे. तिथे नाव आयकॉनच्या खाली असतं, म्हणून आत अक्षरं भरायची गरजच नसते. तरी कित्येक डेव्हलपर पूर्ण नाव आयकॉनमध्ये कोंबतात. लग्नपत्रिका स्टॅम्पएवढ्या कागदावर छापल्यासारखं दिसतं ते.

'९०% सूट!' पुसायला लावली तेव्हा

आता मुख्य घडामोडीकडे येऊ. २०२२ पर्यंत स्टीमची कव्हरं बघितली असती तर तुम्हाला चित्रापेक्षा जाहिरातच जास्त दिसली असती. कोणी कोपऱ्यात 'दहापैकी नऊ' असं कुठल्यातरी मासिकाचं रेटिंग छापायचं, कोणी मिळालेल्या पुरस्कारांची पानं चिकटवायचं, कोणी 'सेल चालू आहे' असा लाल पट्टा मारायचं. तुळशीबागेत प्रत्येक दुकानदार एकदम ओरडायला लागला की कोणाचंच ऐकू येत नाही, तसं.

स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केलं आणि १ सप्टेंबर २०२२ पासून नियम लागू झाला. कव्हरवर फक्त तीन गोष्टी चालतील: गेमचं चित्र, गेमचं नाव, आणि असेल तर अधिकृत उपशीर्षक. रेटिंग नाही, पुरस्कार नाही, सवलतीचा मजकूर नाही, दुसऱ्या गेमची जाहिरात नाही. गेममध्ये नवीन अपडेट आलं असेल तर तेवढ्यापुरतं, ठरावीक काळासाठी वेगळं चित्र लावता येतं. पण ते संपलं की परत मूळ कव्हर.

व्हॉल्व्हने दिलेली कारणं वाचण्यासारखी होती. एक म्हणजे इतकी बारीक अक्षरं मुळात वाचताच येत नव्हती. दुसरं, छापलेली रेटिंग्ज जुनी किंवा चुकीची झालेली असायची. आणि तिसरं, हा मजकूर बहुतेक वेळा फक्त इंग्रजीत असायचा, म्हणजे इंग्रजी न वाचणाऱ्या ग्राहकाला त्याचा शून्य उपयोग. हे तिसरं कारण मला सगळ्यात पटतं. चित्राला भाषांतर लागत नाही, पट्ट्याला लागतं.

प्ले स्टोअर या बाबतीत एक पाऊल पुढे होतं. गूगलने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरपासून अंमलबजावणी सुरू केली: ॲपचं नाव ३० अक्षरांत बसवा, नावात आणि आयकॉनमध्ये 'नंबर वन', 'बेस्ट', 'फ्री', 'सेल' असलं काही नको, आणि नावात इमोजीही नको. तुमच्या जुन्या फोनमधले आयकॉन आठवा, कोपऱ्यात 'न्यू' लिहिलेली लाल रिबन असायची. ती बऱ्यापैकी गायब झाली ती या नियमामुळे.

वरवर बघता हा स्वच्छता मोहिमेसारखा नियम वाटतो. पण छोट्या डेव्हलपरच्या नजरेतून बघा. पुरस्कारांचे शिक्के आणि मोठ्या मासिकांची रेटिंग्ज कोणाकडे असतात? ज्यांचं नाव आधीच झालंय त्यांच्याकडे. नव्या पोराकडे छापायला काही नव्हतंच. शिक्के काढल्यावर दोघं एका रेषेवर आले, निदान त्या नखाएवढ्या जागेत तरी. उलट बाजूही आहे. आता लपायला जागा राहिली नाही. सगळा भार चित्रावर आला, आणि चांगलं चित्र काढणारा माणूस टीममध्ये असेलच असं नाही. कित्येक इंडी डेव्हलपर मूळचे प्रोग्रामर असतात. त्यांना कोड येतो, रंग येत नाहीत.

मग चांगलं कव्हर म्हणजे काय?

होलो नाइटचं उदाहरण घेऊ. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातल्या टीम चेरी नावाच्या मूठभर लोकांनी केलेला २०१७ चा गेम. त्याचा नायक म्हणजे काय, तर काळोख्या पार्श्वभूमीवर एक पांढरा मुखवटा, दोन शिंगं आणि डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं. बास. हे चित्र तुम्ही बोटाएवढं करा, मुगाच्या दाण्याएवढं करा, ओळखू येतंच. शिवाय त्यात मूड आहे: एकटेपणा, अंधार, थोडं गोंडस आणि थोडं भीतीदायक. गेमही अगदी तसाच आहे. त्याचा पुढचा भाग सिल्कसाँग ४ सप्टेंबर २०२५ ला आला तेव्हा खरेदीसाठी इतकी झुंबड उडाली की स्टीमसह बरीच स्टोअर्स काही काळ कोलमडली. ते अर्थातच कव्हरमुळे नाही झालं. पण ते पात्र लोकांच्या डोक्यात इतकी वर्षं टिकलं, त्याला ती साधी आकृती कारणीभूत आहेच.

अमंग असचा तो फुगीर अंतराळवीर आठवा. एक गोळा, काचेची पट्टी, दोन ठेंगणे पाय. कोणीही वहीच्या शेवटच्या पानावर काढू शकेल. चित्रकार याला सिल्हूट म्हणतात: आतले सगळे रंग काढून नुसती सावली ठेवली तरी ओळखता येणारी आकृती. कव्हरमध्ये पाच पात्रं, तीन ड्रॅगन आणि एक किल्ला असण्यापेक्षा अशी एक आकृती जास्त काम करते.

पण प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की अमंग अस आला २०१८ मध्ये आणि जगभर पसरला २०२० मध्ये, तोही स्ट्रीमर्सनी खेळायला घेतल्यावर. मधली दोन वर्षं पात्र तेच होतं. म्हणजे नुसत्या चित्राने गेम चालत नाही. कव्हरचं काम एवढंच की योग्य माणूस समोरून जात असताना त्याला थांबवायचं.

योग्य माणूस, हे महत्त्वाचं. इथे बरेच जण चुकतात. त्यांना वाटतं कव्हर सगळ्यांना आवडलं पाहिजे. प्रत्यक्षात प्रत्येक प्रकारच्या गेमची कव्हरवर एक ठरलेली बोली असते, आणि खेळणारे ती नकळत वाचतात. उबदार पिवळा उजेड, शेत, कोंबडी दिसली की शेतीचा निवांत गेम. काळपट हिरवं, दाराची फट, एकच बल्ब म्हणजे भयपट. पत्ते धरलेला योद्धा म्हणजे डेकबिल्डर, अर्थात पत्त्यांचा डाव जमवून लढायचा प्रकार. ही बोली मोडून काहीतरी फार वेगळं करायला गेलात तर चित्र कलाकृती म्हणून सुंदर होईल, पण ज्याला तो प्रकार आवडतो त्याला हा आपल्यासाठी आहे हेच कळणार नाही. आणि बोली डोळे मिटून पाळली तर बाकीच्या पन्नासांत हरवून जाल. मला वाटतं खरी कसरत हीच आहे, रंगसंगती वगैरे नंतरची गोष्ट.

बालाट्रोने ही कसरत छान जमवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला हा गेम एकाच डेव्हलपरने केलेला. पोकरचे हात आणि विचित्र ताकदीचे जोकर. त्याच्या चित्रांत पत्ते आणि जोकर आहेत, म्हणजे प्रकार लगेच कळतो, पण सगळं जुन्या टीव्हीवर चालल्यासारखं आणि मागे घुसळलेला रंग. पत्त्यांच्या इतर शंभर गेम्सपेक्षा हा वेगळा आहे हेही त्याच सेकंदाला कळतं. जानेवारी २०२५ पर्यंत त्याच्या पन्नास लाख प्रती विकल्या गेल्या होत्या. गंमत म्हणजे हेच पत्ते त्याच्या अंगाशीही आले. युरोपात गेम्सना वयाचं रेटिंग देणाऱ्या पेगी या संस्थेने आधी त्याला १८ वर्षांवरचा शिक्का मारला, कारण चित्रं जुगारासारखी. गेममध्ये खरे पैसे लावायची सोयच नाही. शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये अपील मान्य होऊन रेटिंग १२ वर आलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर कायद्याने बंदी आली. त्याआधी रमीच्या जाहिरातींनी इतकं डोकं खाल्लं होतं की अजूनही आयकॉनवर पत्ते दिसले तर घरचे संशयाने बघतात. चित्र आधी बोलतं, खुलासा मागून येतो.

थापा मारणारी कव्हरं

कव्हर आणि आतला माल वेगळा असणं हा रोग जुना आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी अटारीच्या गेम्सच्या खोक्यांवर अंतराळयुद्धाची जबरदस्त पेंटिंग्ज असायची आणि आत टीव्हीवर चार चौकोन हलायचे. पण तेव्हा सगळ्यांनाच माहीत होतं की मशीन एवढंच दाखवू शकतं. चित्र कल्पनेला इंधन द्यायचं. आताची थाप वेगळी आहे.

फोनवर गेम खेळणाऱ्या प्रत्येकाने ती 'पिन ओढा, राजाला वाचवा'वाली जाहिरात बघितली असेल. डाउनलोड केलं की निघतो तीन रंग जुळवायचा गेम. होमस्केप्स आणि गार्डनस्केप्सच्या अशा दोन जाहिराती ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने सप्टेंबर २०२० मध्ये दिशाभूल करणाऱ्या ठरवून थांबवल्या. मोबाइल डेटा तुमचा, स्टोरेज तुमचं, दहा मिनिटं तुमची. मोफत गेममध्ये थाप पचते, कारण तुम्ही वैतागून डिलीट करता आणि विसरता. तोवर त्यांना दोन जाहिराती दाखवून झालेल्या असतात.

विकत घ्यायच्या गेममध्ये हे पचत नाही. स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणजे कव्हरने भारी स्वप्न दाखवलं आणि आत पिक्सेलचा साधा गेम निघाला, तर ग्राहक तासाभरात परत जातो आणि जाताना वाईट रिव्ह्यू ठोकून जातो. सुरुवातीचे वाईट रिव्ह्यू छोट्या गेमला फार महाग पडतात. म्हणून पिक्सेल गेमच्या कव्हरवर रंगवलेलं चित्र चालतं, पण आतलं पात्र, आतले रंग, आतला मूड तोच हवा. चेहरा जास्त देखणा करा, माणूस बदलू नका.

आणखी एक प्रकार म्हणजे दुसऱ्याचा चेहराच चोरणं. २०१२ मध्ये क्लॅश ऑफ क्लॅन्स आला, त्याच्या आयकॉनवर तोंड वासून ओरडणारा रानटी योद्धा. त्यानंतर कित्येक वर्षं प्ले स्टोअरवर प्रत्येक दुसरा आयकॉन ओरडत होता: शेतकरी ओरडतोय, डुक्कर ओरडतंय. ती निव्वळ नक्कल म्हणून सोडून देऊ. पण व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्सच्या बाबतीत याहून वाईट झालं. हा गेम कॉम्प्युटरवर गाजला आणि त्याची मोबाइल आवृत्ती यायच्या आतच स्टोअर्समध्ये नकलांचा पाऊस पडला. शेवटी मूळ टीमने डिसेंबर २०२२ मध्ये घाईघाईने स्वतःची आवृत्ती आणली, तीसुद्धा फुकट. नकलांमुळे घाई करावी लागली असं त्यांनीच नंतर सांगितलं. गर्दीत शोधणाऱ्याला पाच सारखे आयकॉन दिसले तर तो पहिला उचलतो. तो खऱ्याचाच असेल असं नाही.

आता त्यात एआय

आणि मग चित्र बनवणारी एआय टूल्स आली. ज्या प्रोग्रामरला रंग येत नव्हते त्याला वाटलं, सुटलो. दोन ओळी लिहा, कव्हर तयार. चांगल्या कलाकाराकडून कव्हर करून घ्यायचं तर काहीशे डॉलर सहज जातात; इथे काम फुकटात होतंय. मोह समजण्यासारखा आहे, आणि जो दोन वर्षं बचतीवर जगलाय त्याला मी तरी नावं ठेवणार नाही.

पण हाच मोह कचरा विकणाऱ्यांनाही पडला. २०२५ च्या सुरुवातीला निंटेंडो आणि प्लेस्टेशनच्या स्टोअरमध्ये एकसारख्या चकचकीत एआय कव्हरांच्या गेम्सचा इतका सुळसुळाट झाला की गेमिंगच्या साइट्सना त्यावर बातम्या कराव्या लागल्या. लोकप्रिय गेमसारखं नाव, गुळगुळीत चित्र, आत घाईत जोडलेला माल, आणि कायम सेलमध्ये. आधी खराब कव्हर बघून कचरा ओळखता यायचा. आता कचऱ्याचं कव्हरही गुळगुळीत असतं.

याचा परिणाम उलटा झालाय. तो गुळगुळीतपणाच लोकांना खटकायला लागलाय. मेणासारखी कातडी, कुठूनही येणारा उजेड, सहा बोटं. सहा बोटं म्हणताना आठवलं, हे फक्त गरीब डेव्हलपरचं पाप नाही. कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स ६ च्या लोडिंग स्क्रीनवर एक झोंबी सांताक्लॉज होता. २०२४ च्या डिसेंबरमध्ये खेळणाऱ्यांनी हाताची बोटं मोजली आणि गहजब झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये गेमच्या स्टीम पेजवर ओळ आली की काही गोष्टींसाठी जनरेटिव्ह एआय वापरलंय.

ही ओळ का आली? कारण स्टीमने जानेवारी २०२४ पासून डेव्हलपरला एआयचा वापर जाहीर करायला सांगितलंय. गेम बनवताना एआयने केलेली चित्रं, आवाज वगैरे वेगळे, आणि खेळताना तिथल्या तिथे तयार होणारा मजकूर वेगळा. ती माहिती खरेदीच्या पेजवर ग्राहकाला दिसते. एपिक गेम्सचे प्रमुख टिम स्वीनी यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये यावर टीका केली. पुढे जवळपास सगळेच एआय वापरणार, मग स्टोअरवर असं लेबल लावण्यात अर्थ काय, असा त्यांचा मुद्दा.

मला तो मुद्दा कव्हरच्या बाबतीत तरी पटत नाही. कोड लिहिताना कोणी एआयची मदत घेतली तर खेळणाऱ्याला फरक पडत नाही, ठीक आहे. पण कव्हर ही एकमेव गोष्ट आहे जिच्यावरून मी, गेम न बघता, ठरवतो की यांनी मेहनत घेतली असेल की नाही. ज्याने दारावरची रांगोळीसुद्धा स्टिकर आणून चिकटवली, त्याच्या घरात शिरताना मी जरा सावधच असणार. हा अन्यायही असू शकतो, हे मान्य. आतला गेम सोन्यासारखा असेल आणि फक्त कव्हरपुरते पैसे संपले असतील. पण अंगठा तेवढा विचार करायला थांबत नाही. अशा वेळी गेममधलंच एखादं पात्र आणि खाली ठसठशीत नाव, एवढं साधं कव्हरसुद्धा गुळगुळीत एआय चित्रापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं.

पुण्यातून, देवनागरीतून

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे राजी: ॲन एन्शंट एपिक. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ती पूर्ण झाली नाही. तरी रेटत राहिले आणि २०२० मध्ये गेम आला, आधी निंटेंडो स्विचवर, मग स्टीम आणि बाकीच्या ठिकाणी. पळवून नेलेल्या भावाला शोधणारी मुलगी, हातात त्रिशूळ, मागे राजस्थानी वाड्यांसारख्या कमानी. प्रचाराच्या चित्रांत तीच मध्यभागी. ड्रॅगन आणि चिलखतांच्या रांगेत ही आकृती वेगळी दिसते, आणि त्यासाठी काही उसनं आणावं लागलेलं नाही. चित्रात जे आहे ते गेममध्ये आहे.

पण नाव मात्र कव्हरवर रोमन अक्षरांत. बहुतेक भारतीय गेम्सचं तसंच असतं, कारण बाजार जगभराचा आहे. कोणी देवनागरीत नाव टाकायचं ठरवलं तर आकाराचा प्रश्न आपल्यासाठी आणखी अवघड होतो. रोमन मोठी अक्षरं पट्टीत अगदी काठोकाठ बसतात. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार अशी दोन्हीकडे जागा सोडावी लागते. तेवढ्याच उंचीच्या पट्टीत मुख्य अक्षर मग लहान होतं. शिरोरेषेमुळे सगळा शब्द लांबून एक जाड आडवी रेघ वाटतो. आणि 'ष्ट्र' सारखं जोडाक्षर ४५ पिक्सेल उंचीत लिहून बघा, नुसता ठिपका उरतो. त्यामुळे देवनागरी कव्हर करायचं असेल तर नाव दोन-तीन अक्षरांचं, जोडाक्षर टाळलेलं आणि अक्षर हाताने काढलेलं असलं तर निभावतं. जुन्या मराठी सिनेमांच्या पोस्टरवाल्यांनी नेमकं हेच केलं होतं. तयार टाइप न घेता प्रत्येक नाव नव्याने काढायचे.

प्ले स्टोअरवर डेव्हलपरला मराठीत वेगळं नाव, वेगळं वर्णन आणि वेगळी चित्रं देता येतात. फोनची भाषा मराठी असेल तर तीच दिसतात. ही सोय फार थोडे जण वापरतात असं माझं निरीक्षण आहे, कारण फोनची भाषा मराठी ठेवणारेच कमी. तुमच्या फोनची कोणती आहे?

कव्हर बदलून खरंच फरक पडतो का, हे मोजताही येतं. स्टीम डेव्हलपरला दाखवतं की तुमचं चित्र किती वेळा लोकांसमोर आलं आणि त्यातून किती जण पेजवर आले. समजा एक लाख वेळा दिसलं आणि शंभरातले दोन जण आत आले, तर दोन हजार. कव्हर बदलून दोनाचे तीन झाले, तर तीन हजार. गेमची एक ओळ न बदलता हजार माणसं वाढली. कित्येक जण याच आकड्यांकडे बघून गेम आल्यावर वर्षभरानेही कव्हर बदलतात.

प्ले स्टोअरवर तर त्याची रीतसर चाचणी घेता येते. डेव्हलपर दोन-तीन आयकॉन देतो, गूगल काही लोकांना एक दाखवतं, काहींना दुसरा, आणि कोणावर जास्त इन्स्टॉल झाले ते सांगतं. ॲपलच्या ॲप स्टोअरवरही मूळ पेजसोबत तीन पर्यायांपर्यंत अशी तुलना करता येते. त्यामुळे कधी तुमच्या आणि शेजारी बसलेल्या मित्राच्या स्टोअरमध्ये एकाच गेमचा आयकॉन वेगळा दिसला तर फोन बिघडलाय असं समजू नका. कुठेतरी कोणीतरी दोन चित्रं घेऊन बसलंय, आणि तुमचा अंगठा कुठल्या चित्रावर थांबतो ते मोजतंय.